कळसाखालची गल्ली : होगार्थच्या मुद्राचित्रांतील धर्म आणि शहर

विल्यम होगार्थचे ‘जिन लेन’ हे १७५१ मधले मुद्राचित्र इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत इतक्या वेळा छापले गेले आहे, की आता ते चित्र म्हणून क्वचितच पाहिले जाते. स्वस्त जिनने लंडनचे गोरगरीब कसे धुळीला मिळाले, या मजकुराशेजारी पुरावा म्हणून ते लावायचे, एवढाच त्याचा उपयोग उरला आहे. मध्यभागी पायऱ्यांवर बसून तपकिरीची चिमूट घेणारी बाई, तिच्या कुशीतून निसटून कठड्यापलीकडे पडणारे मूल, खाली हाडांचा सापळा झालेला पत्रकविक्या आणि त्याच्याजवळचा काळा कुत्रा, एवढे पाहिले की वाचक पान उलटतो. मला या चित्राने धरून ठेवले ते त्याच्या वरच्या भागामुळे. तिथे, पडायला आलेल्या घरांच्या मधल्या मोकळ्या आभाळात, दूरवर एका चर्चचे शिखर उभे आहे. गल्लीतल्या एकाही माणसाची नजर त्याच्याकडे वळलेली नाही.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट जरा लवकर जाणवत असावी. पंढरपुरात दर्शनाची रांग पुढे सरकेनाशी झाली, की वारकरी कळसाला हात जोडतो आणि परतीच्या वाटेला लागतो. कळस पाहिला म्हणजे देव पाहिला, ही आपली जुनी समजूत. जो गाभाऱ्यापर्यंत पोचू शकत नाही, त्याच्यासाठी शिखराची उंची असते. त्यामुळे चित्रात शिखर दिसले की आपली नजर आपोआप वर जाते आणि मग खालचे कोणीच वर पाहत नाही, हे खटकते. होगार्थच्या अभ्यासकांनी या शिखराबद्दल लिहिले आहे, नाही असे नाही. पण त्यांच्या लेखनात ते बहुधा एका वाक्याचे धनी ठरते. मला ते चित्राचे मर्म वाटते. किंबहुना होगार्थच्या एकूण नगरचित्रांत धर्माची चिन्हे कुठे असतात, कोणाच्या हातात असतात आणि कोणाकडे पाठ करून असतात, हे पाहत गेलो तर त्याच्या लंडनबद्दल एक वेगळीच गोष्ट हाती लागते.

होगार्थचे मूळ छाप मी लंडनला जाऊन पाहिलेले नाहीत. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांनी आपल्या संग्रहातील प्रती संगणकावर खुल्या केल्या आहेत. त्या हव्या तेवढ्या मोठ्या करून पाहता येतात. ही चित्रे तशीच पाहायची असतात. होगार्थच्या गिऱ्हाइकानेही ती घरी नेऊन, दिव्याखाली धरून, कोपरा न् कोपरा वाचली असणार. कारण होगार्थ मुळात चिन्हांचा कारागीर. १६९७ साली लंडनच्या स्मिथफील्ड भागात जन्मलेला हा मुलगा चांदीच्या भांड्यांवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला राहिला. बड्या घराण्यांची मानचिन्हे कोरणे हे तिथले काम. सिंह कोणाचा, ढाल कोणाची, कोणत्या चिन्हाने कोणाचा हक्क सांगितला जातो, हे त्याच्या बोटांना आधी कळले आणि चित्रकला नंतर आली. दुसरी गोष्ट, त्याचे वडील शाळामास्तर होते. त्यांनी लॅटिन बोलणाऱ्यांसाठी म्हणून एक कॉफीगृह काढले. ते बुडाले आणि कर्जापायी त्यांना फ्लीटच्या तुरुंगाची हवा खावी लागली. कर्ज आणि गहाण हा होगार्थच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारा विषय घरातूनच आलेला आहे.

आता त्या शिखराकडे वळू. ते कल्पित नाही. ब्लूम्सबरीचे सेंट जॉर्ज चर्च असे त्याचे नाव. निकोलस हॉक्समूर हा त्याचा वास्तुविशारद. १७११ च्या एका कायद्याने लंडन परिसरात पन्नास नवी चर्चे बांधायचे ठरले होते. प्रत्यक्षात जेमतेम डझनभर उठली, त्यांतले हे एक. १७३० मध्ये ते उपासनेला खुले झाले. ते का बांधले गेले, याची हकिगत चित्राच्या दृष्टीने मोलाची आहे. ब्लूम्सबरीतली सुखवस्तू वस्ती त्यापूर्वी सेंट जाईल्स या पॅरिशमध्ये मोडत असे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. बारसे, लग्न, दफन त्या चर्चचे, आणि गरिबांना द्यायची मदत, अनाथांची व्यवस्था हीही त्या पॅरिशचीच जबाबदारी. रविवारी प्रार्थनेला जायचे तर ब्लूम्सबरीच्या रहिवाशांना सेंट जाईल्सच्या कुप्रसिद्ध गल्लीबोळांतून जावे लागे. ते त्यांना नको होते. त्यांनी वेगळ्या चर्चची मागणी केली आणि ती पुरी झाली.

म्हणजे ‘जिन लेन’मधल्या गल्लीला ते शिखर लांबून दिसते, कारण त्या गल्लीपासून लांब राहता यावे म्हणूनच ते चर्च बांधले गेले! होगार्थच्या हाताशी सेंट जाईल्सचे स्वतःचे चर्च होते. हेन्री फ्लिटक्रॉफ्टने १७३० च्या दशकात ते नव्याने बांधले होते आणि त्याचे शिखरही देखणे आहे. गल्ली सेंट जाईल्सची दाखवायची तर शिखरही सेंट जाईल्सचे, हा सरळ मार्ग. तो सोडून त्याने शेजारच्या श्रीमंत पॅरिशचे शिखर निवडले. माझ्या मते या निवडीत चित्राचे अर्धे बोलणे आले.

उरलेले अर्धे शिखराच्या टोकावर आहे. हॉक्समूरने हे शिखर हॅलिकार्नाससच्या प्राचीन समाधीच्या वर्णनावरून पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडसारखे रचले आणि टोकावर रोमन वेशातल्या राजा पहिल्या जॉर्जचा पुतळा बसवला. क्रूस नाही, संत नाही, वाऱ्यावर फिरणारा पत्र्याचा कोंबडाही नाही; राजा! खाली शिखराला बिलगून सिंह आणि शृंगाश्व, म्हणजे राजचिन्हातली जनावरे. त्या काळीही लोकांनी याची टर उडवली. होरेस वॉल्पोलसारख्या रसिकालाही हा प्रकार हास्यास्पद वाटला. पुतळ्याचा खर्च केला विल्यम हक्स नावाच्या खासदाराने, आणि हक्सचा धंदा होता बिअर गाळण्याचा. होगार्थने हा योग मुद्दाम साधला असे मी म्हणणार नाही. पण बिअरची स्तुती आणि जिनची निंदा करणाऱ्या चित्रजोडीत, जिनच्या गल्लीवर बिअरवाल्याच्या पैशाने उभा केलेला राजा दिसावा, हे फार बोलके आहे.

या जोडीतले दुसरे चित्र ‘बिअर स्ट्रीट’. तिथे सगळे गुटगुटीत आणि आनंदी. मासेवाल्या, पालखीसारखी खुर्ची वाहणारे भोई, घरावर दुरुस्ती करणारे कारागीर, सर्वांच्या हातात फेसाळते पेले. याही चित्रात मागे शिखर आहे. ते सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सचे, आणि त्यावर निशाण फडकते आहे. दुसऱ्या जॉर्जच्या वाढदिवसाचे ते निशाण, असे अभ्यासक सांगतात. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. दुःखाच्या गल्लीवर राजाचा पुतळा, सुखाच्या रस्त्यावर राजाचे निशाण. शिखर देवळाचे, पण टोकावर दोन्हीकडे सत्ताच. आणि ही सत्ता जिनच्या बाबतीत हात झटकून मोकळी होण्यासारखी नव्हती. धान्यापासून दारू गाळण्याला १६९० मध्ये पार्लमेंटनेच मोकळीक दिली. त्यात फ्रेंच ब्रँडीला शह होता आणि जमीनदारांच्या धान्याला गिऱ्हाईक होते. १७३६ मध्ये एक कडक कायदा करून पाहिला, तो कागदावरच राहिला. ‘जिन लेन’ १७५१ च्या फेब्रुवारीत निघाले, आणि त्याच वर्षी नवा जिन कायदा झाला. गल्लीतल्या तळघराच्या दारावरच्या पाटीवर या दारूचे नाव ‘जिन रॉयल’ असे आहे. राजा शिखरावरही आहे आणि तळघराच्या पाटीवरही.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू. लंडनच्या घरांना तेव्हा क्रमांक नव्हते आणि वाचता येणारेही बेताचेच. प्रत्येक दुकानावर चित्राची पाटी लटकत असे, तीच त्याचा पत्ता. होगार्थला या पाट्यांचे वेड होते. १७६२ मध्ये पाट्या रंगवणाऱ्यांचे म्हणून जे गमतीचे प्रदर्शन लंडनमध्ये भरले, त्यात त्याचा हात होता. त्याच वर्षी रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या पाट्या उतरवण्याचे कायदे सुरू झाले, हा आणखी एक योग. ‘जिन लेन’मध्ये तीन पाट्या ठळक आहेत: गहाणवटीवाल्याचे तीन गोळे, जिनचा बुधला, आणि शवपेट्या करणाऱ्याची शवपेटी. गल्लीत फक्त हेच धंदे तेजीत आहेत.

त्यांतली गहाणवटीवाल्याची पाटी डावीकडे अशी टांगलेली आहे, की तिचा आडवा दांडा आणि गोळे मिळून दूरच्या शिखराच्या वर एक मोठा बेडौल क्रूस तयार होतो. ही गोष्ट पूर्वीच्या भाष्यकारांनीही टिपली आहे. तिचा अर्थ ते असा लावतात, की या गल्लीने आपले पूजास्थान बदलले, खरा देव सोडून ती सावकाराच्या दारी गेली. मला हा अर्थ अपुरा वाटतो. खऱ्या शिखरावर क्रूस असता आणि या खोट्या क्रूसाने तो झाकला असता, तर ते म्हणणे पटले असते. पण शिखरावर क्रूस नव्हताच. जागा राजाने घेतलेली. होगार्थने त्या रिकाम्या आभाळात क्रूस आणला, तो गहाणवटीवाल्याच्या दुकानातून. शिवाय ‘बदलले’ म्हणताना गल्लीला निवड होती असे आपण धरून चालतो. ज्या चर्चची स्थापनाच तिला टाळण्यासाठी झाली, त्या चर्चला तिने सोडले असे कसे म्हणायचे?

त्या तीन गोळ्यांमागेही एक धर्मकथा आहे. युरोपात लोकपरंपरेने त्यांचा संबंध संत निकोलसशी जोडला आहे. एका गरीब बापाच्या तीन मुली हुंड्यावाचून देहविक्रीच्या वाटेला लागणार होत्या. निकोलसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या तीन थैल्या टाकल्या आणि तिघींची लग्ने झाली. हा संत गहाणवटीवाल्यांचाही रक्षक मानला जातो. चित्रात त्या तीन थैल्यांखाली ‘एस. ग्राइप’ आपल्या दुकानाच्या दारात उभा आहे आणि सुताराची करवत निरखून पाहतो आहे. मागे एक बाई स्वयंपाकाची भांडी घेऊन तिष्ठत आहे. सुताराची करवत गेली म्हणजे उद्याची मजुरी गेली, बाईची भांडी गेली म्हणजे चूल गेली. देणाऱ्या संताचे चिन्ह घेणाऱ्याच्या दारावर लटकते आहे. ही उलटापालट होगार्थच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावी लागत नसे.

होगार्थच्या शहरात धर्माची चिन्हे पुसली गेलेली नाहीत, उलट पावलोपावली आहेत. फक्त ती दुकानदारांच्या ताब्यात गेली आहेत. १७३८ च्या ‘दिवसाच्या चार वेळा’ या मालिकेतले ‘दुपार’ हे चित्र पाहा. जागा हॉग लेन, पुन्हा सेंट जाईल्सचाच परिसर. उजवीकडे फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचे चर्च सुटले आहे आणि नटूनथटून आलेली मंडळी बाहेर पडत आहेत. डावीकडे खानावळ. मधून गटार वाहते आणि त्यात मेलेली मांजर. खानावळीच्या पाटीवर काय आहे, तर ताटात ठेवलेले बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मुंडके, आणि त्यासोबत चांगल्या जेवणाची हमी! बायबलमधल्या एका भीषण शिरच्छेदाचा इथे जेवणाच्या ताटापुरता उपयोग उरला आहे. चर्चच्या बाजूला मात्र पाटी नाही. छपराला मुलांचा एक फाटका पतंग अडकून लोंबतो आहे. धार्मिक चित्र खानावळीवर आणि पोराचे खेळणे चर्चवर, असा हा हिशेब. या चित्रात धर्मगुरूंवर थेट टीका नाही, आणि तरीही मला ते त्याच्या उघड टीकेच्या चित्रांपेक्षा जास्त तिखट वाटते.

उघड टीकेचीही वाण नाही. १७३२ च्या ‘वेश्येची वाटचाल’ या सहा चित्रांच्या मालिकेत खेड्यातून आलेली मॉल हॅकअबाऊट गाडीतून उतरते आणि कुंटिणीच्या तावडीत सापडते. शेजारीच एक पाद्री घोड्यावर बसलेला आहे. त्याच्या हातात बिशपच्या नावाचा कागद आहे, बहुधा नेमणुकीच्या खटपटीचा, आणि तो वाचण्यात त्याला मागे काय चालले आहे याचे भान नाही. तिसऱ्या चित्रात मॉलच्या खोलीत बिशपने आपल्या कळपाला लिहिलेले उपदेशपत्र आहे, ते लोण्याखालचा कागद म्हणून. शेवटच्या चित्रात तिच्या शवपेटीजवळ पाद्री हजर आहे, पण त्याचा एक हात भलतीकडे आहे आणि दुसऱ्या हातातला पेला कलंडला आहे. रॉनल्ड पॉल्सन या होगार्थच्या थोर अभ्यासकाने या मालिकेची मांडणी मेरीच्या आणि ख्रिस्ताच्या चरित्रातील पारंपरिक चित्रप्रसंगांवर बेतलेली असल्याचे दाखवले आहे: कुंटिणीची भेट म्हणजे मेरी आणि एलिझाबेथची भेट, शेवटचा प्रसंग म्हणजे अंतिम भोजन. ‘जिन लेन’मधली बाईही मग बाळ मांडीवर घेतलेल्या मेरीची उलटी प्रतिमा ठरते. हे वाचन विद्वत्तापूर्ण आहे आणि बऱ्याच अंशी पटणारेही. माझी तक्रार एवढीच, की ते चित्राला इटालियन चित्रकलेच्या दालनात नेऊन बसवते. रस्त्यावरची पाटी आणि बाहीवरचा बिल्ला वाचायला एवढी तयारी लागत नव्हती, आणि होगार्थ आधी त्यांच्याच भाषेत बोलतो.

बिल्ल्याचे सांगतो. ‘जिन लेन’च्या उजव्या बाजूला, ‘किलमन’ या दारू गाळणाऱ्याच्या दुकानासमोर गर्दी आहे. एक आई तान्ह्याच्या तोंडात जिन ओतते आहे, हातगाडीवरच्या म्हातारीला कोणीतरी पाजते आहे. त्या गर्दीत दोन लहान मुली एकमेकींना जिन देत-घेत आहेत. त्यांच्या बाहीवर अक्षरे आहेत: जी आणि एस. म्हणजे सेंट जाईल्स. या पॅरिशच्या आश्रित मुली. १६९७ च्या कायद्याने पॅरिशची मदत घेणाऱ्या गरिबाने अंगावरच्या कपड्यावर पॅरिशच्या नावाचे आद्याक्षर लावणे सक्तीचे केले होते. मदत दिली हे दिसावे आणि घेणाऱ्याला लाज वाटावी, दोन्ही साधत. त्याच महिन्यात निघालेल्या ‘क्रौर्याचे चार टप्पे’ या मालिकेतला टॉम नीरो कुत्र्याचे हाल करताना पहिल्या चित्रात दिसतो, त्याच्याही दंडावर हाच बिल्ला आहे. चौथ्या चित्रात तो फाशी जाऊन शवविच्छेदनाच्या टेबलावर पोचतो.

संत जाईल्स हा पंगूंचा, भिकाऱ्यांचा, कुष्ठरोग्यांचा वाली. या भागाचे मूळच कुष्ठरोग्यांच्या आश्रमात आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी राणी मटिल्डाने तो शहराबाहेर स्थापन केला. न्यूगेटच्या तुरुंगातून टायबर्नच्या फाशीच्या माळावर नेल्या जाणाऱ्या कैद्याला या आश्रमाच्या दाराशी एक वाडगाभर बिअर पाजायची प्रथा होती. ‘सेंट जाईल्सचा वाडगा’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. मरणाच्या वाटेवरच्या माणसाच्या घशात संताच्या नावाने घोटभर पेय जावे, ही त्या काळाची करुणा. होगार्थच्या काळापर्यंत संताच्या नावाची दोन अक्षरे उरली, ती पोरींच्या बाहीवर. आणि आश्रय? तो तळघराच्या पाटीवर आहे. एका पेनीत झिंग, दोन पेनींत शुद्ध हरपेल, आणि पडून राहायला स्वच्छ पेंढा फुकट, अशा अर्थाची ती जाहिरात आहे. त्या गल्लीत बिनपैशाचा निवारा देऊ करणारी एवढीच जागा.

पॅरिशचा म्हणावा असा एक माणूस चित्रात आहे. मागे एका उघड्या बाईचे प्रेत शवपेटीत ठेवले जात आहे आणि तिचे मूल शेजारी रडते आहे. तिथे हातात दंड घेऊन बीडल, म्हणजे पॅरिशचा शिपाई, देखरेखीला उभा आहे. प्रार्थना म्हणायला धर्मगुरू नाही. दफनाचा खर्च वेळेत उरकणे, एवढ्यापुरती धर्मसंस्था गल्लीत शिरते.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. जिनविरुद्धच्या चळवळीत पाद्री मागे नव्हते. शास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले स्टीफन हेल्स धर्मगुरूच होते आणि त्यांनी या दारूविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले. टॉमस विल्सन हाही धर्मगुरूच, आणि १७३६ च्या कायद्यामागच्या प्रचारात त्याचा वाटा होता. खुद्द ‘जिन लेन’खालची पद्यरचना जेम्स टाऊनली या पाद्र्याची आहे. ‘उद्योग आणि आळस’ या १७४७ च्या मालिकेतील प्रत्येक चित्राखालची बायबलवचने होगार्थला त्याच्या ओळखीच्या आर्नल्ड किंग या पाद्र्याने निवडून दिली. तेव्हा होगार्थला धर्मद्वेष्टा ठरवणे सोपे असले तरी बरोबर नाही. मात्र हे सगळे धर्मगुरू कुठे आहेत ते पाहा. ते चित्राच्या चौकटीखाली आहेत, ओळींमध्ये. चौकटीच्या आत, गल्लीत, एकही नाही. ‘उद्योग आणि आळस’च्या अकराव्या चित्रात टॉम आयडल टायबर्नला जातो, तेव्हा तुरुंगाचा अधिकृत पाद्री पुढे बंद घोडागाडीत बसून चालला आहे. कैद्याच्या गाड्यात त्याच्याजवळ बसून हातवारे करत बोलतो आहे तो मेथडिस्ट प्रचारक. त्याच्या पुस्तकावर वेस्लीचे नाव आहे. होगार्थला मेथडिस्टांचा तिटकारा होता. पुढे १७६२ मध्ये त्याने त्यांच्या उन्मादी भक्तीची भयंकर खिल्ली उडवली. पण मरणाऱ्या माणसाच्या गाड्यात कोण चढला आणि कोण पुढे निघून गेला, हे दाखवताना त्याने आपला तिटकारा आड येऊ दिला नाही.

बिल्ल्याबद्दलही त्याची भूमिका एकसुरी नव्हती. टॉमस कोरमने १७३९ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी जे फाउंडलिंग हॉस्पिटल काढले, त्याचा होगार्थ संस्थापक गव्हर्नरांपैकी एक. त्या संस्थेचे मानचिन्ह त्यानेच काढून दिले. चांदीवर मानचिन्हे कोरणाऱ्या हाताने बेवारस मुलांना मानचिन्ह दिले, हे त्याच्या चरित्रातले मला सर्वांत आवडणारे कृत्य. त्याच हाताने ‘जिन लेन’मधल्या आईला मात्र काहीच सवलत दिलेली नाही. तिच्या पायांवर गुप्तरोगाचे फोड आहेत, चेहऱ्यावर बावळट हसू आहे. ती कोण, कुठून आली, तिला इथे कोणी आणून सोडले, याची चौकशी होगार्थने एकोणीस वर्षांपूर्वी मॉल हॅकअबाऊटसाठी सहा चित्रे खर्चून केली होती. इथे ती नाही. ‘जिन लेन’ प्रचाराचे चित्र आहे आणि प्रचाराला लागणारा ओबडधोबडपणा त्यात आहे. ‘बिअर स्ट्रीट’ तर मला अगदी सपाट वाटते. त्यात एकच गोष्ट मनात राहते: तिथल्या मोडकळीला आलेल्या गहाणवटीच्या दुकानाचा मालक देणेकऱ्यांच्या धाकाने दाराच्या भोकातून बिअर घेतो.

शिखरदर्शनाचा मुद्दा अर्धा राहिला होता. कळस लांबून पाहणे ही आपल्याकडे जशी भक्ती आहे, तशी एका मोठ्या समाजावर लादलेली हद्दही होती. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, देवळाच्या आत नाही. ज्यांना पायरीच्या आत येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या वाट्याला कळस आला आणि त्यांनी त्यातही देव पाहिला. तो मोठेपणा त्यांचा; देवळाचे दार अडवणाऱ्यांचा नव्हे. ‘जिन लेन’ पाहताना हा फरक मला फार उपयोगी पडला. होगार्थच्या गल्लीत कोणी चोखोबा नाही. वर पाहावे असे तिथे कोणाला वाटत नाही, कारण वरचा राजा कधी त्यांच्यासाठी खाली पाहत होता याची त्यांना खूण नाही. चित्रातल्या माणसांच्या अधःपतनाची यादी करणारे भाष्यकार गृहीत धरतात, की शिखर जागच्या जागी आहे आणि माणसे त्याच्यापासून ढळली. हॉक्समूरच्या चर्चचा इतिहास त्याच्या उलट सांगतो. माणसे होती तिथेच होती, सेंट जाईल्समध्ये.

राहता राहिला प्रश्न हे सारे कोणी पाहिले याचा. ‘जिन लेन’ची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. तळघरातल्या पाटीच्या दराने त्यात सहा माणसे बेशुद्ध झाली असती. चित्रातल्या कोणालाही ते परवडणारे नव्हते. गिऱ्हाईक होते दुकानदार, कारखानदार, मध्यमवर्गीय गृहस्थ, म्हणजे ब्लूम्सबरीच्या बाजूचे लोक. होगार्थला हे कळत होते. त्याने गरिबांपर्यंत पोचावे म्हणून ‘क्रौर्याचे चार टप्पे’ स्वस्तात छापायचे ठरवले आणि जॉन बेल नावाच्या कारागिराकडून लाकडी ठसे कोरून घ्यायला सुरुवात केली. तांब्याच्या पत्र्यावरच्या बारीक रेषांऐवजी जाड, रोखठोक रेषा, मोठा कागद, भिंतीला चिकटवता येईल असे चित्र. खर्च अंदाजापेक्षा वाढत गेला आणि दोनच ठसे कोरून झाल्यावर काम थांबले. ते दोन म्हणजे मालिकेतले शेवटचे दोन, खुनानंतरची अटक आणि फाशीनंतरची चिरफाड. पहिल्या चित्रातला बिल्लेवाला पोरगा लाकडात उतरला नाही. ‘जिन लेन’ही नाही.